जानव्याची किल्ली

हरिहर मास्तरांच्या जानव्याला फियाटची किल्ली असे. कोकणातल्या त्यांच्या पिढीत जानव्याला किल्ली असणं काही नवलाचं नाही. कुणाच्या ट्रंकेची असायची, कुणाच्या देवघरातल्या कपाटाची. पण मोटारीची किल्ली जानव्यात बाळगणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच निघाला आणि तो नेमका आपल्या नशिबी आला, असं कुसुमकाकू वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आल्या होत्या. सांगताना सूर तक्रारीचा लावायच्या, पण बाईला नवऱ्याचं कौतुक आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं.

किल्ली एका सेफ्टी पिनेत ओवलेली होती. गाडी काढायची झाली की मास्तर सदऱ्याखाली हात घालून पिन सोडवत. परत आल्यावर आधी किल्ली जानव्याला आणि मग पाण्याचा तांब्या तोंडाला. श्रावणीला जानवं बदलायचं, तेव्हा जुनं उतरवायच्या आधी किल्ली नव्यावर जाई. मधे क्षणभरही ती खाली ठेवायची नाही, हा नियम. मास्तरांचे नियम मोडायची शाळेत कुणाची टाप नव्हती, घरात कुठून असणार?

गाडी घेतली अठ्ठ्याहत्तर साली. मोरपंखी रंगाची. कंपनीकडून आली तेव्हा स्विचची किल्ली वेगळी, दारांची वेगळी, डिकीची वेगळी. एवढा जुडगा जानव्याला लोंबकळणार कसा? म्हणून मास्तरांनी बाजारपेठेतल्या कुलूपवाल्याकडून सगळी कुलपं उतरवून एकाच किल्लीला लावून घेतली होती. तो कुलूपवाला कधीच वारला. त्याचा मुलगा आत्माराम आता त्याच गाळ्यात बसे, आणि आता त्याचेही केस पांढरे झाले होते.

गेल्या दोन वर्षांत मास्तर विसरायला लागले. आधी नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बरं होईल असं काही म्हटलं नाही. काकूंनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

गंमत अशी की, गंमत कसली, पण दुसरा शब्द नाही, मास्तरांचं डोकं विसरत होतं आणि हात काही विसरत नव्हते. लेकीचं नाव आठवेना, पण गाडीचं बॉनेट उघडलं की कुठली वायर कुठे जाते ते हातांना पाठ. माघात एका सकाळी ते न्याहारी करून उठले, "शाळेला उशीर झाला गो," म्हणाले आणि गाडी काढून गेले. निवृत्त होऊन तेवीस वर्षं झालेला माणूस. दुपारी पुतण्याला, अपूर्वला, कुणा ट्रकवाल्याचा फोन आला. मास्तर जयगडच्या रस्त्यावर मधोमध गाडी थांबवून बसले होते, पुढे-मागे बंदराकडे जाणारे अवजड ट्रक अडलेले, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, इथली शाळा कुठे गेली? पंचविशीत त्यांची पहिली नेमणूक जयगडला झाली होती.

अपूर्वने त्याच संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ती पाच मिनिटांत जोडली, वर अपूर्वला म्हणाले, "वायर सैल झाली होती. तुम्हां पोरांचं लक्ष नसतं." पेट्रोल काढून टाकलं, तर कॅन घेऊन उन्हातून पंपापर्यंत चालत गेले. मग एके दिवशी घराच्या उतारावर शेजारची सानवी सायकलवरून येत होती. सायकलचं पुढचं चाक चेपलं. पोरगी हातभर अंतराने वाचली. मास्तर खाली उतरले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी काळजीने विचारलं, "कुणी पाडलं गो तुला?"

त्या दिवसापासून काकू एकाच विचारात होत्या.

गाडी विकावी, तर ते ती शोधत रस्तोरस्ती फिरतील. किल्ली काढून घ्यावी, तर तेही करून झालं होतं. लेक ऋजुता पुण्याहून आली असताना तिने बाबा झोपलेत असं पाहून पिन सोडवली. मास्तर उठले, कमरेपाशी हात गेला, आणि पुढचे चार तास त्यांनी विहीर, माडी, गडगा, शेणीच्या खोपीतला कोपरान् कोपरा धुंडाळला. शेवटी ओट्यावर बसून ते लहान मुलासारखे रडले. ऋजुतालाच मग ती किल्ली चटईखाली सापडल्याचं नाटक करावं लागलं. बदली किल्ली अडकवावी म्हटलं, तर तेही जमणारं नव्हतं. त्या किल्लीचा एक कोपरा झिजलेला होता, मास्तरांचा अंगठा तिथे दिवसातून वीसदा जायचा.

"मग किल्ली राहू दे त्यांच्याकडे," ऋजुता फोनवर म्हणाली. "कुलूपच बदल. सगळी कुलपं बदल, आई. दारांचीसुद्धा."

चैत्रात अपूर्व मास्तरांना घेऊन हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेला. जयगडवरून जंगलजेटीच्या बोटीने खाडी ओलांडायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं, असा बेत. काकूंनी गुडघ्याचं निमित्त केलं. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याला घराबाहेर काढून त्याच्या पाठीमागे काही करायची त्यांची ही पहिलीच वेळ. दहाच्या सुमारास आत्माराम हातात पिशवी घेऊन आला, तेव्हा त्यांना चोराला दार उघडून दिल्यासारखं वाटलं.

आत्मारामने आधी गाडीभोवती एक फेरी मारली. "माज्या बापाचा हात लागलाय ह्या कुलपांना," तो म्हणाला. "काकू, तुमी नक्की सांगताय ना?"

"सांगतेय म्हणून तर बोलावलं."

त्याने दारांची आतली पॅनेलं काढली, चिमट्याने क्लिपा ओढल्या आणि दोन्ही दारांची कुलपं बाहेर घेतली. मग डिकीचं घेतलं, मग स्विचचं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून चारही कुलपं ओळीने मांडली. एकेका कुलपाच्या पोटात पितळेच्या बारीक पत्त्या, प्रत्येकीखाली केसाएवढी स्प्रिंग. किल्लीचे दाते त्या पत्त्यांना बरोबर एका पातळीत आणतात, तेव्हाच कुलूप फिरतं, हे त्याने काकूंना समजावून सांगितलं.

"म्हणजे आता नव्या पत्त्या घालायच्या?"

"नव्या कशाला वो? ह्याच हायत. दोन पत्त्यांची जागा बदलायची नुसती. हिची जागा तिला, तिची हिला. जुनी किल्ली आत जायेल, पन फिरायची नाय."

एवढंच. काकू त्या दोन पत्त्यांकडे बघत राहिल्या. माणसाच्या डोक्यातही असंच काहीसं झालं असेल, सगळं आत आहे, नुसतं जागेवर नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिथे बसवेना. चहा टाकायला म्हणून त्या आत गेल्या आणि आधण उकळून आटेपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा स्विचचं कुलूप तयार होतं. कोऱ्या किल्लीला कानस मारून त्याने नवी किल्लीही घडवली होती. आता तो दाराच्या कुलपाकडे वळला, तशा काकू एकदम म्हणाल्या, "ते राहू दे."

"ऋजुताताई सगळी बदला बोलली होती."

"बोलू दे. दारं जुन्या किल्लीनंच उघडली पाहिजेत. आत बसू दे त्यांना. गाडीत बसले म्हणून कुणाचं काय जातंय?"

हाताचा ब्रेक ओढलेला होता, तरी आत्मारामने चारही चाकांना जांभ्याचे चिरे लावले. दारांची आणि डिकीची कुलपं त्याने होती तशी परत बसवली. नवी किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवताना त्याने मान वर केली नाही. "माज्या धंद्यात मालकाला कुलूप उघडून द्यायचं असतं, काकू," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा उलटं केलंय."

काकूंनी किल्ली चोळीत खोवली. संध्याकाळी मास्तर परत आले ते खुशीत होते. "जंगलजेटीवर मोटारी चढतात गो! आपली फियाटसुद्धा चढेल. पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ." काकू बरं म्हणाल्या. आणखी काय म्हणणार?

पुढचे काही दिवस मास्तर रोज गाडीचं दार उघडत, आत बसत, किल्ली घालत. ती फिरत नसे. ते उतरत, फडक्याने काच पुसत आणि थोड्या वेळाने पुन्हा बसत. चिडले असते तर काकूंना परवडलं असतं. ते चिडत नव्हते. "स्विच अडकतोय," एवढंच म्हणत. "आत्मारामच्या बापाला बोलवायला हवं." दिवसातून दहा वेळा हेच. त्यात किल्लीला तेल लावून झालं, स्विचवर फुंकर मारून झाली. किल्लीशिवाय तारा जोडून गाडी चालू करणं त्यांना जमलं असतं, पण ती चोराची विद्या. स्वतःच्या गाडीवर ती चालवायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

सहाव्या दिवशी काकूंना एक युक्ती सुचली. त्या युक्तीबद्दल पुढे त्यांनी स्वतःला क्षमा केली नाही, पण सुचली तेव्हा ती मायेनेच सुचली होती. त्यांना वाटलं, ह्यांना इंजिनाचा आवाज ऐकायचाय. आत्मारामला बोलवावं, त्याने नव्या किल्लीने गाडी एकदा चालू करून दाखवावी, दोन मिनिटं घरघरू द्यावी आणि बंद करावी. म्हणजे ह्यांच्या जिवाला स्वस्थता मिळेल. विचार त्या आवाजापर्यंतच गेला. त्याच्या पुढे काय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आत्माराम आला. फाटकापाशीच काकूंनी चोळीतली किल्ली काढून त्याच्या मुठीत दिली आणि काय करायचं ते सांगितलं. त्याने किल्ली मुठीत मिटली. "काकू, मास्तर हुशार मानूस हाय वो," एवढंच म्हणाला.

मास्तर गाडीपाशी उभेच होते. त्यांनी पिन सोडवली आणि किल्ली आत्मारामच्या हातात ठेवली. स्वतःहून ती किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना काकूंनी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आत्माराम गाडीत बसला, वाकला, हातातल्या हातात किल्ल्यांची अदलाबदल केली, चोक ओढला आणि किल्ली फिरवली. फियाट खोकली, थरथरली आणि चालू झाली.

मास्तरांचा चेहरा असा उजळला की काकूंना वाटलं, केलं ते बरं केलं. मास्तरांनी टपावर थाप मारली. कान देऊन इंजिन ऐकलं. "टॅपेट जरा वाजतायत," म्हणाले. त्या दोन मिनिटांत ते पूर्वीचे मास्तर होते, आजार नावालाही नव्हता, आणि काकूंचे डोळे भरून आले.

मग आत्मारामने गाडी बंद केली, नवी किल्ली मुठीत दाबली, जुनी त्यांच्या हातात दिली आणि उतरून बाजूला झाला.

"सरक, बघू दे," म्हणत मास्तर बसले. त्यांनी किल्ली घातली. फिरवली. फिरली नाही. काढली, धोतराला पुसली, पुन्हा घातली. मनगट बदललं. डाव्या हाताने करून पाहिलं. आत्माराम जमिनीकडे बघत होता आणि काकू आत्मारामकडे. बोलायचं तर ह्याच क्षणी बोलायचं होतं, हे काकूंना त्याच क्षणी कळत होतं. अहो, कुलूप आम्ही बदललंय, तुमचं काही चुकत नाही. एवढं एक वाक्य. पण डोळ्यांपुढे सानवीच्या सायकलचं ते चेपलेलं चाक आलं.

मास्तरांनी किल्ली बाहेर काढली. इतके दिवस ते स्विचकडे बघत होते. आता ते आपल्या हाताकडे बघत होते. उजवा तळवा उघडा धरून, अनोळखी वस्तूकडे बघावं तसे. नंतर ते हळूच उतरले, दार लावलं आणि कधी नव्हे ते कुलूप न लावताच ओट्यावर आले. किल्ली त्यांनी काकूंच्या हातात ठेवली.

"तू ठेव गो ही," ते म्हणाले. "स्विच चांगला आहे. आत्मारामला जमलं. माझाच हात गेला."

"अहो, असं काय बोलता. लावा ती जानव्याला."

"नको. ज्याला उघडता येत नाही त्याने किल्ली बाळगू नये." शाळेत जसं निकालाच्या दिवशी सांगत, तसं शांतपणे सांगितलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

आत्मारामने नवी किल्ली परत दिली. काकूंच्या एकाच तळहातावर आता दोन्ही किल्ल्या होत्या, एक झिजलेली आणि एक कोरी. आत्माराम चहाला थांबला नाही.

त्यानंतर मास्तर गाडीकडे गेले नाहीत. काकूंना जे हवं होतं ते सगळं मिळालं. नवरा घरात सुखरूप, सानवी रस्त्यावर सुखरूप, ऋजुताची पुण्यात झोप सुखाची. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती फोनवर म्हणाली. पण किल्लीबरोबर मास्तरांनी बाकीचंही बरंच खाली ठेवलं. सदऱ्याची बटणं लावायची सोडली. हात गेला म्हणून. दाढीचा वस्तरा सोडला. पेन सोडलं. एक दिवस त्यांनी आमटीची वाटी उचलायची सोडली आणि काकू घास भरवू लागल्या. काकू रोज ठरवत, आज सांगायचं, हात गेला नाही हो तुमचा, तो मी घालवला. रोज मास्तर जरा जास्त लांब गेलेले असत आणि काकू म्हणत, उद्या.

कधी कधी ते झोपले की काकू त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसत. हात चांगला होता. मजबूत, उबदार, नखं नीट कापलेली. त्या हाताला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

श्रावणीला अपूर्व सकाळीच नवी जानवी घेऊन आला. त्याने काकाला आंघोळ घातली, पाटावर बसवलं, मंत्र म्हटले, नवं जानवं गळ्यात घातलं. आता जुनं उतरवणार तेवढ्यात मास्तरांचा हात कमरेपाशी गेला. जुन्या जानव्यावरून तो खालपर्यंत सरकला, थांबला, परत वर आला, परत खाली गेला. बोटं चिमटीत काहीतरी शोधत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. काय शोधतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण बोटांना ठाऊक होतं.

अपूर्वने त्यांचा हात अलगद बाजूला केला, जुनं जानवं उतरवलं आणि ते विहिरीत सोडायला मागच्या दाराने गेला.

काकूंचा धीर सुटला. त्या पाटाशेजारी खालीच बसल्या, दुखऱ्या गुडघ्यावर, आणि नवऱ्याचे दोन्ही हात धरून त्यांनी सगळं सांगून टाकलं. हेदवीचा दिवस, आत्माराम, त्या दोन पत्त्या, चोळीतली किल्ली, फाटकापाशी केलेलं ते कारस्थान. "तुमचा हात चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःला दोष दिलात आणि मी उभ्या उभ्या बघितलं. मी फसवलं तुम्हाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा फसवलं, आणि तेही असं."

मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. शाळेत एखादं पोर रडत चूक कबूल करायला यायचं, तेव्हा ऐकायचे तसे. काकू थांबल्या तेव्हा त्यांनी आपला उजवा हात सोडवून घेतला आणि काकूंच्या डोक्यावर ठेवला.

"रडू नका हो बाई," ते म्हणाले. "माणसाच्या हातून होतं असं. पण मनात ठेवू नये. आज घरी गेलात की तुमच्या यजमानांना सांगून टाका. ते रागवायचे नाहीत."

"सांगते," कुसुमकाकू म्हणाल्या.